लॉग केबिनचे कूळ आणि स्वीडनच्या लोखंडभट्ट्या

झाडांचे अखंड ओंडके आडवे रचून, त्यांच्या टोकांना खाचा पाडून ती कोपऱ्यांत एकमेकांत अडकवून बांधलेले घर, म्हणजेच लॉग केबिन, अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मृतीत इतके खोल रुजले आहे की १६०७ मध्ये जेम्सटाउनला आणि १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांनी पहिल्याच हिवाळ्यात अशी घरे उभारली, असे तेथील कित्येक पिढ्या मानत आल्या. हॅरल्ड शर्टलेफ यांच्या १९३९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉग केबिन मिथ’ या ग्रंथाने ही समजूत मोडीत काढली. इंग्रजांनी आपल्या गावाकडे बांधली जात तशीच, उभ्या खांबांच्या चौकटीची, फळ्यांनी किंवा कुडाने भरलेली घरे बांधली, कारण ओंडके रचून भिंत उभारण्याची रीत त्यांच्या देशात नव्हतीच. प्लिमथच्या यात्रेकरूंच्या चित्रांत ओंडक्यांची घरे शिरली ती बऱ्याच उशिरा, आणि त्याला मोठा हातभार लावला तो १८४० च्या निवडणुकीने, जिच्यात विल्यम हेन्री हॅरिसन या सुखवस्तू उमेदवाराला त्याच्या पक्षाने केबिनवासी म्हणून मिरवले.

मग हे घर अमेरिकेत आणले कोणी? स्वीडनच्या वसाहतीने, हे उत्तर फारसे वादग्रस्त नाही. १६३८ मध्ये ‘काल्मार निकेल’ आणि ‘फोगेल ग्रीप’ ही दोन जहाजे डेलावेअर नदीच्या खोऱ्यात आली, आजच्या विल्मिंग्टनच्या जागी क्रिस्तिना नावाचा किल्ला उभा राहिला, आणि १६५५ मध्ये डचांनी ती वसाहत जिंकून घेतली. या सतरा वर्षांच्या राज्याला इतिहासाची पाठ्यपुस्तके दोन ओळींत निरोप देतात. कुळकथेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : स्वीडनच्या झेंड्याखाली आलेल्या या माणसांत फार मोठा वाटा फिन लोकांचा होता, आणि त्यांतही ‘वनफिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका विशिष्ट समाजाचा.

वनफिन हे मूळचे पूर्व फिनलंडमधील साव्हो प्रांताचे. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनच्या राजसत्तेने निर्जन जंगले वसावीत म्हणून या लोकांना मध्य स्वीडनमध्ये, विशेषतः व्हेर्मलांड प्रांतात, येऊ दिले. त्यांची शेती ‘हूह्ता’ नावाची. स्प्रूसच्या जुन्या जंगलातील झाडे तोडून किंवा त्यांची साल गोलाकार सोलून ती वाळू द्यायची, मग सगळे जाळायचे आणि गरम राखेत राय या धान्याचे बी विरळ पेरायचे. कोकणात आणि गोव्यात जिला कुमरी म्हणत, तिचीच ही उत्तरेकडची बहीण. पीक पहिल्या वर्षी अफाट येई, एकदोन वर्षांत जमीन थके, आणि कुटुंब पुढच्या जंगलाकडे वळे. अशा शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या वाड्याचा उपयोग नव्हता. त्याला हवे होते कुऱ्हाडीच्या बळावर थोड्या दिवसांत उभे राहणारे, खिळ्यांवाचून बांधता येणारे आणि सोडून जाताना जीव न तुटणारे घर.

या कथेतील सर्वांत अनपेक्षित दुवा येथेच लागतो, तो लोखंडाचा. सतराव्या शतकात स्वीडन युरोपातील प्रमुख लोखंड आणि तांबे उत्पादक देश बनत होता. त्याच्या भट्ट्यांना दगडी कोळसा नव्हे, तर लोणारी कोळसा लागे, आणि लोणारी कोळसा म्हणजे जंगल. कालपर्यंत ज्यांना जंगल वसवणारे म्हणून बोलावले होते तेच वनफिन आता जंगलाचे शत्रू ठरले. १६४० च्या दशकात जाळून शेती करण्यावर निर्बंध कडक झाले, आणि ते मोडणाऱ्यांपैकी काहींना कुटुंबासह शिक्षा म्हणून डेलावेअरला पाठवले गेले. पुढे चित्र पालटले : समुद्रापलीकडे हवे तितके जंगल जाळायला मोकळे आहे, ही वार्ता व्हेर्मलांडात पोहोचली आणि लोक आपणहून निघू लागले. १६५६ मध्ये आलेल्या ‘मर्क्युरियस’ या जहाजावरील बहुसंख्य प्रवासी फिन होते. अमेरिकेच्या सीमाप्रदेशाचे प्रतीक ठरलेले घर तेथे पोहोचण्यामागे स्वीडनच्या लोखंडभट्ट्यांची भूक होती, हे विधान धाडसी वाटले तरी त्याचे सगळे टप्पे पक्के आहेत.

टेरी जॉर्डन आणि मॅट्टी काउप्स या दोन भूगोलज्ञांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हा फिनी पक्ष सविस्तर मांडला, आणि त्यांच्या मांडणीत कोपऱ्याच्या खाचेला मोठे स्थान आहे. ओंडक्यांच्या घराचा सगळा तोल या खाचेवर असतो. खालच्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला वाटीसारखी गोल खाच पाडणे सर्वांत सोपे, पण त्या वाटीत पावसाचे पाणी साचते आणि कोपरा कुजतो. त्याऐवजी खालच्या ओंडक्याचे टोक दुपाखी छपरासारखे तासले आणि वरच्या ओंडक्याच्या पोटात त्याला बसेल अशी उलटी खाच घेतली, तर पाणी दोन्हीकडे निथळते आणि वरचे वजनच सांधा घट्ट करते. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दिसणाऱ्या या खाचेचा पेनसिल्व्हेनियापासून ॲपलॅचियन डोंगरांपर्यंत मोठा प्रसार झाला. जॉर्डन व काउप्स तिचे मूळ वनफिनांकडे नेतात, आणि तिच्या जोडीला नागमोडी कुंपण व आढ्याला समांतर लाकडांवर फळ्या टाकून केलेले छप्पर यांचेही.

विरुद्ध पक्ष जर्मनांचा. फ्रेड निफेन आणि हेन्री ग्लासी यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की अमेरिकन बांधणी मध्य युरोपातून, पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मनभाषकांबरोबर आली. त्यांचा सर्वांत भेदक मुद्दा फटींचा आहे. स्कँडिनेव्हियातील कसलेला कारागीर वरच्या ओंडक्याच्या पोटात लांबच लांब पन्हळ कोरून तो खालच्या ओंडक्यावर असा बसवतो की मध्ये शेवाळाच्या पातळ थरापुरतीच जागा उरते. अमेरिकन केबिनमध्ये मात्र दोन ओंडक्यांमध्ये फट सोडलेली असते आणि ती लाकडाच्या ढलप्या, दगड व चिखलाने लिंपून बुजवतात. बोहेमिया, सायलीशिया या भागांत अशी लिंपलेली घरे होती, उत्तरेत नव्हती, असा हा युक्तिवाद.

या युक्तिवादात प्रतिष्ठित घराची तुलना तात्पुरत्या घराशी झाली आहे. उत्तरेकडील चर्च आणि सधन शेतकऱ्यांची घरे टिकून राहिली, म्हणून तीच अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर राहिली. जळिताच्या शेतावरील खोपट आणि गवताची कोठारे, ज्यांत फटी सर्रास सोडल्या जात, ती कुजून गेली. जंगलात पाठवल्या गेलेल्या माणसाने कोणते घर बरोबर नेले असेल, याचे उत्तर त्याच्या शेतीतच आहे. शिवाय काळाचा हिशेब जर्मन पक्षाला सोसत नाही. जर्मनटाउनची स्थापना १६८३ ची, आणि जर्मनांचे लोंढे अठराव्या शतकातले; पण यास्पर डांकार्ट्स हा डच प्रवासी १६७९ च्या हिवाळ्यात डेलावेअरच्या काठाने गेला, तेव्हाच त्याने अखंड किंवा दुभंगलेल्या झाडांची एकावर एक रचलेली घरे पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले, आणि इंग्रजांच्या फळ्यांच्या घरात कुडकुडल्यानंतर ती त्याला अधिक उबदार वाटली. जर्मनांनी या रीतीला बळ दिले आणि काही खाचा सुधारल्या, इतके श्रेय त्यांना निःसंशय देता येते. जनकत्व मात्र नाही.

अवघ्या काही शेकडा फिनांनी अर्ध्या खंडाची घरबांधणी ठरवली हे कसे शक्य आहे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला विल्बर झेलिन्स्की यांच्या १९७३ मधील सिद्धान्ताचा आधार मिळतो : एखाद्या प्रदेशात पहिल्यांदा टिकून राहणारी वसाहत करणारा गट कितीही लहान असला, तरी नंतरच्या मोठ्या लोंढ्यांवर त्याच्या रीतींची छाप पडते. अठराव्या शतकात अल्स्टरहून आलेले स्कॉट-आयरिश लोक याच खोऱ्यातून आत शिरले. त्यांच्याजवळ जंगलात राहण्याची विद्या नव्हती आणि ती शिकवणारे शेजारी येथे होते. पुढे केंटकीपर्यंत ही बांधणी नेली ती याच लोकांनी. फिन स्वतः तोवर इंग्रजी नावांत विरघळले होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पेनसिल्व्हेनियातर्फे सही करणारा जॉन मॉर्टन हा मार्तिनेन या फिनी घराण्याचा वंशज होता, ही गोष्ट विसाव्या शतकापर्यंत थोड्यांनाच ठाऊक होती.

फिनी पक्षाविरुद्ध आणखी एक पुरावा मिनेसोटा आणि मिशिगनमधून पुढे केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे फिन लोक पुन्हा मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी बांधलेली घरे व सौना, म्हणजे वाफेची स्नानगृहे, अमेरिकन केबिनशी जराही जुळत नव्हती : चारी अंगांनी तासलेले ओंडके, केसाइतकीही फट नाही, कोपऱ्यांत बाहेर रुंदावत जाणारी शेपटीसारखी खाच. खरे फिन असे बांधतात, तर केबिन फिनी कसे, असा प्रश्न त्यावरून विचारला गेला. त्याचे उत्तर स्थलांतराच्या नकाशात आहे, आणि काउप्स यांनी याच उत्तर मिनेसोटातील फिनी इमारतींचाही अभ्यास केलेला असल्यामुळे ते दुर्लक्षिता येत नाही. नव्या लाटेतील बहुतेक लोक पश्चिमेकडील पोह्यान्मा प्रांताचे, नांगरट करून स्थिर शेती करणारे, पिढीजात सुतारकामाचा अभिमान बाळगणारे. डेलावेअरचे फिन साव्होचे, राखेत राय पेरणारे आणि सतत पुढे सरकणारे. दोघांच्या मध्ये दोन शतकांहून अधिक काळ आणि शेतीची दोन निराळी जगे होती.