ट्रायलचे मैदान आणि न्यायाची मोजपट्टी : वाहन परवान्याच्या परीक्षेचा इतिहास

१/ वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव. गावाच्या दोन ठळक ओळखी : १९६४ साली स्थापन झालेली आयुधनिर्माणी आणि सुरतेकडून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा महामार्ग. येथील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की याच महामार्गाने भुसावळ ओलांडून जळगाव गाठते आणि ‘एमएच-१९’च्या परिवहन कार्यालयात पक्क्या परवान्याची ट्रायल देते. परीक्षा काही मिनिटांची. तिच्यामागचा इतिहास मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे.

२/ ही परीक्षा इतर परीक्षांहून वेगळी आहे. बारावीची उत्तरपत्रिका मागे उरते, तिचे पुनर्मूल्यांकन मागता येते. मैदानावर दुचाकीने काढलेला आठचा आकडा क्षणात विरून जातो. एका बाजूला कोवळ्या वयाचा, घाबरलेला उमेदवार. दुसऱ्या बाजूला गणवेशातील मोटार वाहन निरीक्षक. अशा वेळी निर्णय न्याय्य झाला की नाही, हे कशावरून ठरवायचे? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, त्याचा हा धागा.

३/ आरंभी परीक्षा नव्हतीच. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पतीने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर नेली. मोटारीचा हा पहिला दूरचा प्रवास मानला जातो. सोबत त्यांचे दोन मुलगे होते : १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड. चढावर गाडी दमली की मुलांनी ती ढकलली. मोटारीच्या इतिहासात किशोरवयीन मुले अशी पहिल्या प्रवासापासूनच आहेत.

४/ पाच वर्षांनी, १४ ऑगस्ट १८९३ रोजी, पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी मोटार चालवणाऱ्याला क्षमतेचे प्रमाणपत्र बंधनकारक केले. तपासणीचे काम खाण विभागाच्या अभियंत्यांकडे गेले, कारण वाफेच्या यंत्रांची पारख त्यांनाच होती. ‘चालवता येते’ हे स्वतःच्या तोंडाने सांगणे पुरेसे नाही, ते दुसऱ्याने पाहून ठरवावे, हा विचार येथे रुजला.

५/ ब्रिटनने उलट वाट धरली. १९०३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०४ पासून परवाना आला, पण परीक्षा नाही. मोटारीसाठी वय १७, मोटारसायकलसाठी अवघे १४. पाच शिलिंग भरले की परवाना हाती! या व्यवस्थेत कोणाचा अपमान होत नव्हता, कोणी नापासही होत नव्हते. किंमत रस्त्याने मोजली. १९३४ या एका वर्षात तेथे ७,३४३ माणसे अपघातांत मेली.

६/ म्हणून १ जून १९३५ पासून तेथे नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. परीक्षा केंद्रे अजून उभी राहिली नव्हती. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्थानकाजवळ किंवा उद्यानापाशी भेटत. पहिल्या काळात उत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. नापास होणे ही आता सामान्य गोष्ट झाली आणि तिच्याबरोबर नवा प्रश्न आला : नापास करणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

७/ भारतात १९१४ साली देशभरासाठी मोटार वाहन कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. त्या कायद्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. वाहन चालवण्याच्या क्षमतेची परीक्षा कशी असावी, हे त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लिहून ठेवले होते. परीक्षकाच्या मनातली मोजपट्टी छापील कागदावर आली. ज्याला वाचता येईल त्याला ती तपासता येणार होती.

८/ पुढे दुचाकीने छोट्या गावांचे जीवन बदलले. १९७२ मध्ये किनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लुना आणली. फिरोदिया परिवाराची ही हलकी, गिअर नसलेली गाडी कारखान्यातल्या कामगाराला, शिक्षिकेला, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला झेपणारी होती. वाहन चालवणे हे आता पेशेवर ड्रायव्हरचे काम उरले नाही. ते घराघरातल्या तरुणाईचे झाले. परवान्याच्या रांगेतली माणसेही त्यामुळे बदलली.

९/ सध्याचा कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्याच्या कलम ४ नुसार वाहन चालवण्याचे किमान वय १८ आहे. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला मात्र १६ व्या वर्षी मुभा आहे आणि अशा अर्जाला पालकाची लेखी संमती लागते. आज ५० सीसीच्या गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने दिलेली वाट कागदावर आहे, शोरूममध्ये नाही.

१०/ १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ प्रत्येक उमेदवाराने वाचावा असा आहे. शिकाऊ परवाना मिळून किमान ३० दिवस झालेले असावेत. मग काय पाहायचे, याची यादी आहे : आरसा नीट लावणे, इंजिन सुरू करण्यापूर्वीची दक्षता, गाडी सुरळीत पुढे नेणे, योग्य वेळी गिअर बदलणे, इशारे देणे, गाडी मागे घेणे, संकटाच्या क्षणी थांबवणे. उमेदवाराचे कपडे, आडनाव किंवा वडिलांची ओळख या यादीत नाही.

११/ भाषाही त्या यादीत नाही. वरणगाव-भुसावळ पट्ट्यात घरोघरी लेवा गणबोली बोलली जाते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी याच बोलीला मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. वाहतूक चिन्हाचा अर्थ बोलीत सांगितला म्हणून तो चुकत नाही. संगणकावरील चाचणीत खुणेला बोटाने उत्तर द्यायचे असते. तोंडी प्रश्नोत्तरांत मात्र समोरच्याने हसून उत्तराची टिंगल केली, तर येणारे उत्तरही विसरले जाते.

१२/ नापास झाल्यावर काय? कलम ९ सांगते : सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा अपयश आले, तर शेवटच्या परीक्षेनंतर ६० दिवस थांबावे लागते. या तरतुदीचा गाभा नीट समजून घ्यावा. कायदा अपयशाला शिक्षा मानत नाही; सरावासाठी दिलेला अवधी मानतो. ‘तुला कधीच जमणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही.

१३/ त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. सराईत गुन्हेगार किंवा अट्टल मद्यपी असल्याच्या कारणाने परवाना नाकारायचा असला, तरी अर्जदाराचे म्हणणे ऐकावे लागते, कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याला ३० दिवसांत अपील करता येते. सराईत गुन्हेगारालाही जर सुनावणी आणि कारण मिळते, तर गाडी वळवताना पाय टेकलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला आपली चूक दोन वाक्यांत समजून घेण्याचा हक्क नसावा काय?

१४/ व्यक्तीला नव्हे, तिच्या चालवण्याला तपासा, हे तत्त्व न्यायालयातही पोहोचले. कर्णबधिरांना अनेक ठिकाणी परीक्षेविनाच परत पाठवले जात असे. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा अडसर दूर केला : परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण झाल्यास केवळ ऐकू येत नाही म्हणून परवाना नाकारू नये. लढा कर्णबधिरांचा होता. त्यातून मिळालेला धडा मैदानावरच्या प्रत्येक उमेदवाराच्या उपयोगाचा आहे.

१५/ येथे एक गैरसमज टाळायला हवा. आदर म्हणजे सवलत नव्हे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. चालक १७ वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

१६/ हातचे राखून पास करणारा परीक्षक म्हणूनच दयाळू ठरत नाही. तो त्या मुलाला आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला धोक्यात लोटतो. उलट विनाकारण अपमान करणारा परीक्षक उमेदवाराला एजंटाच्या दारात ढकलतो. पुढच्या वेळी तो मुलगा सराव करत नाही, ओळख शोधतो. अन्यायाने शिकलेला हा धडा पुढे आयुष्यभर प्रत्येक सरकारी खिडकीपाशी सोबत येतो.

१७/ आता यंत्रे आली आहेत. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. स्वयंचलित मार्गिकांवर संवेदक आणि कॅमेरे चूक टिपतात. यंत्र आडनाव विचारत नाही आणि नोंद मागे ठेवते, हा मोठा लाभ आहे. पण थरथरत्या हातांच्या उमेदवाराला ‘आधी श्वास घे, मग गाडी सुरू कर’ असे ते सांगत नाही. तेवढे काम माणसासाठी उरतेच.

१८/ १८९३ च्या पॅरिसपासून आजच्या जळगावपर्यंत या परीक्षेचा प्रवास एकाच दिशेने झाला : अधिकाऱ्याच्या मर्जीकडून लिहिलेल्या नियमाकडे. वरणगावहून सकाळच्या गाडीने निघणाऱ्या उमेदवाराने कागदपत्रांच्या फाइलसोबत नियम १५ ची यादीही वाचून न्यावी. आपल्याला कशावरून जोखले जाणार, हे ज्याला ठाऊक असते, तो मैदानावर हात जोडून उभा राहत नाही. तो परीक्षा देतो. धागा समाप्त.