मुंग्या, भुते आणि चौकोन

दूरचित्रवाणीच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी कार्यक्रमांविषयी असते. कोणती मालिका गाजली, कोणता निवेदक लाडका होता, रविवारी सकाळी रस्ते कसे ओस पडत. चित्र घरापर्यंत पोचत कसे होते आणि पोचल्यावर दिसत कसे होते, हा प्रश्न आपण तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. परंतु ज्यांचे बालपण १९८०च्या दशकात गेले त्यांनी कार्यक्रमापेक्षा चित्राच्या अवस्थेकडेच अधिक वेळ पाहिले असावे, असे आम्हांला वाटते. त्या अवस्थांना नावेही होती. मुंग्या, भुते, पट्टे. आणि सर्वांत वरिष्ठ म्हणजे ‘व्यत्यय’, ज्याची पाटी दूरदर्शन स्वतःच लावीत असे.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्राला २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख उजाडावी लागली, आणि १९७३मध्ये सिंहगडावरून पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. गडाची निवड भावनेपोटी झालेली नव्हती. या लहरी प्रकाशासारख्या बव्हंशी सरळ रेषेत जातात, म्हणून मनोरा उंचावर हवा. मुंबईत वरळीला ३०० मीटरचा मनोरा उभारावा लागला. पुण्यात ते काम डोंगराने निम्म्याहून अधिक केले होते. अर्थात जो डोंगर शिखरावर मनोरा घेतो तोच आपल्या पाठीमागच्या गावांना आडवा येतो. पुढे मुंबई दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले तेव्हा, त्या पर्वताच्या सावलीत वर्षानुवर्षे मुंग्या पाहिलेल्यांना थोडे हसू आले असेल.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट चित्र उतरले. जाळीच्या तारेची तीन मीटर व्यासाची छत्री त्यासाठी पुरली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडचा विस्तार झाला तो १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आलेल्या रंगीत चित्रानंतर, १९८३चा इन्सॅट-१बी आणि १९८४ची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांची धडक मोहीम यांतून. या केंद्रांची शक्ती अवघी १०० वॉट. त्याचा पल्ला वीसेक किलोमीटर धरावा.

वीस किलोमीटरनंतर काय? येथेच जुन्या पद्धतीचा स्वभाव कळतो. एकविसाव्या किलोमीटरवर चित्र संपत नसे. ते फिके होई, त्यात मुंग्या येत, रंग उडून कृष्णधवल उरे, मग केवळ आवाज उरे. आमच्यापैकी एकाचे घर देशावर, केंद्रापासून पाच-सहा कोसांवर होते. तेथे वडिलांनी वीस फुटी पाइपावर यागी अँटेना चढवली, तिला बूस्टर जोडला, आणि १९८७ साली ‘रामायणा’साठी जमलेल्या आळीने मुंग्यांच्या वारुळाआडून राम पाहिला. (यागी हे नाव जपानी प्राध्यापकाचे आहे. अँटेनेची रचना मुख्यतः त्यांचे सहकारी उदा यांची. असो.) दुसऱ्याचे घर कोकणात, डोंगराच्या कुशीत. तेथे मुंग्या कमी आणि भुते फार. गच्चीवर दादा, खिडकीत आई, आणि ‘आलं का?’, ‘आलं, आलं... गेलं!’ हा संवाद त्या काळच्या प्रत्येक घरात झाला आहे.

भुतांचे गणित मात्र सोपे आहे. घरामागे दीडशे मीटरवर कातळ असेल तर त्यावर आपटून येणारी लहर थेट आलेल्या लहरीपेक्षा ३०० मीटर अधिक चालते, म्हणजे एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत रेखला जाई. तेव्हा वीस इंची पडद्यावर प्रत्येक पात्राची फिकट प्रत पाऊण सेंटिमीटर उजवीकडे उभी राही. भुताचे अंतर मोजून डोंगराचे अंतर सांगता आले असते. आम्हांला कोणी ते शिकवले नाही. रिकाम्या वाहिनीवरच्या मुंग्यांत तर विश्वारंभीच्या प्रारणाचाही लहानसा अंश होता, असे भौतिकशास्त्रज्ञ सांगतात. जयंत नारळीकरांना तो महास्फोटाचा पुरावा म्हणून मान्य नव्हता, हेही मराठी वाचकास ठाऊक असावे.

अंकीय पद्धतीत भुते आणि मुंग्या दोन्ही संपल्या. का, हे समजण्यास आमच्या विषयातील दाखला कामी येतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलांवरून नकला होत गेल्या, प्रत्येक लेखकाची चूक पुढच्या प्रतीत उतरली, आणि शके १५०६मध्ये एकनाथांना पाठशुद्धीस बसावे लागले. जुने प्रक्षेपण असे होते. दर टप्प्यावर मिसळलेला कचरा वेगळा काढण्याचा उपाय नव्हता. उलट वेदपाठकांनी तेच शब्द क्रम, जटा, घन अशा रीतींनी उलटसुलट म्हणून ठेवले, त्यामुळे एखादी चूक झाली तर इतर आवर्तनांवरून ती पकडली जाई. अंकीय प्रक्षेपणात मूळ आकड्यांबरोबर असेच जादा आकडे धाडतात आणि घरातला डबा त्यांवरून चुका दुरुस्त करतो. फरक एवढाच की चुका मर्यादेपलीकडे गेल्या तर डबा अंदाज करीत बसत नाही. चित्राचे चौकोन होतात, ते गोठते, आणि निळा पडदा येतो. उतार गेला आणि कडा आला.

हा कडा आम्ही पहिल्यांदा अनुभवला तो पावसात. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मोफत सेवा सुरू झाली, आणि डोंगरामागच्या वाड्यांनाही मुंबईइतकेच स्वच्छ चित्र मिळाले. ही समता थोडी नव्हे, आणि तिच्यापुढे आमचा मुंग्यांविषयीचा जिव्हाळा हा सुखवस्तू माणसाचा छंद ठरेल. परंतु या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून मोठ्या सरीतले थेंब त्या शोषतात व विखुरतात. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीवर येणाऱ्या लहरी तिप्पट लांब, गच्चीवरच्या यागीच्या तर मीटरांत मोजण्याच्या. त्यांना पाऊस जुमानत नसे. कोकणात आषाढातल्या ज्या संध्याकाळी नदीच्या पाण्याची बातमी हवी असते, नेमक्या त्याच संध्याकाळी पडदा निळा होतो. (तेव्हा वीजही नसते हे खरे, पण ते खाते वेगळे.)

जमिनीवरील अंकीय प्रक्षेपणाने यातून मार्ग निघाला असता. ते पावसाला बधत नाही आणि भुतांना तर पचवते. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबई, औरंगाबाद यांसह सोळा शहरांत ते सुरूही झाले, पण बहुतेक घरांतील संच ते पकडू शकत नव्हते. उलट ३१ मार्च २०२२पर्यंत थोड्या सामरिक महत्त्वाच्या ठिकाणांखेरीज जुनी केंद्रे बंद झाली. आमच्या ओळखीत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ला पुण्या-नागपुरात केबलवर डबा सक्तीचा झाला, तेव्हा ‘डिजिटल म्हणजे सुस्पष्ट’ असे सांगितले गेले. साध्या दर्जाचे चित्र न आवळता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट लागतात. प्रत्यक्षात चारच्या आसपास देतात, म्हणजे चाळिसावा भाग, आणि वाहिन्यांची गर्दी वाढली की त्याहूनही कमी. कमी पडलेले प्रथम दिसते ते पाण्यावर, गर्दीत आणि क्रिकेटच्या हिरवळीवर. सीमारेषेकडे धावणारा चेंडू चौकोनांत विरघळतो. पूर्वी चित्राचा दोष आणि लहरींचा दोष एकच होता, आणि पाइप फिरवून माणूस त्यावर थोडाफार इलाज करू शके. आता लहर निर्दोष येते आणि चित्र आधीच कोठेतरी, कोणाच्या तरी हिशेबात, कापून आलेले असते.

मागील वर्षी आम्ही याविषयी तक्रार नोंदवली. दुरुस्तीला आलेला मुलगा सालस होता. त्याने डब्यावरील दोन पट्ट्या उघडून दाखवल्या, एक ‘शक्ती’ची, एक ‘दर्जा’ची. दोन्ही हिरव्यागार, नव्वदीच्या पुढे. ‘सर, सिग्नल फुल आहे,’ तो म्हणाला. त्याच्या मागे पडद्यावर पंचगंगेच्या पुराची दृश्ये चालू होती आणि पाणी चौकोनी दिसत होते. त्याने ते पाहिले, पुन्हा पट्ट्यांकडे पाहिले, छत्रीची तार काढून पुन्हा बसवली आणि आमची सही घेतली.