उपवासाच्या दिवसाची शर्यत

मॅसाचुसेट्सच्या मुलखात प्युरिटन वसाहतकारांच्या अमदानीपासून वसंत ऋतूत एक उपवासाचा दिवस पाळण्याचा प्रघात होता. गव्हर्नरने दरसाल जाहीरनामा काढावा आणि रयतेने अन्नत्याग करून चर्चमध्ये पापक्षालनार्थ प्रार्थना करावी, असा त्याचा मूळ संकल्प. परंतु फर्मान काढून सुटी मुक्रर करता येते, भक्ती मुक्रर करता येत नाही. एकोणिसावे शतक सरत आले तेव्हा लोक या दिवशी प्रार्थनेपेक्षा खेळतमाशांकडेच अधिक वळू लागले होते. अखेर १८९४ साली गव्हर्नर ग्रीनहाल्ज यांच्या कारकिर्दीत हा जीर्ण उपवास सरकारी दप्तरातून खारीज झाला आणि त्याच्या जागी, १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व कॉन्कर्ड येथे इंग्रज पलटणींशी झडलेल्या चकमकींच्या स्मरणार्थ, ‘पेट्रियट्स डे’ची सुटी आली.

तिला पुढे जे रूप मिळाले ते मात्र कोणत्याही सरकारने दिलेले नव्हे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकला बॉस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे खेळाडू घेऊन गेलेले जॉन ग्रॅहम तेथील मॅरेथॉन पाहून परतले, आणि दुसऱ्याच वर्षी १९ एप्रिलला अ‍ॅशलंड गावातून पंधरा धावपटू बॉस्टनच्या दिशेने सुटले. न्यूयॉर्कच्या मॅकडरमॉटने ते साडेचोवीस मैल २ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत तोडले. १९२४ साली आरंभस्थान हॉपकिंटनला मागे सरकले, १९६९ पासून सुटी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी स्थिरावली. बाकी परंपरा बहुतांशी अबाधित राहिली.

या शर्यतीच्या इतिहासात विजेत्यांची नामावळी विपुल आहे. परंतु ज्यांच्यामुळे सुटीला उत्सवाची कळा आली ते, माझ्या मते, रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे राहणारे लोक होत. अर्ध्या वाटेवर वेल्झली येथे मुलींचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थिनी पहिल्या शर्यतीपासून धावपटूंना आरोळ्या ठोकून उत्तेजन देत आल्या, पण त्यांच्यापैकी कोणी धावू म्हणेल तर नियमांचा दरवाजा बंद! स्त्रीदेहाला हे अंतर झेपणार नाही, असे कारण देऊन ज्या बॉबी गिबचा अर्ज फेटाळण्यात आला, तिला १९६६ साली तिच्या आईनेच मोटारीने हॉपकिंटनला पोहोचवले. भावाची चड्डी घालून ती झुडपात दडून बसली, आणि निम्मे पुरुष पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळली. ती वेल्झलीपाशी आली तेव्हा मुलींनी जो कल्लोळ केला, तो १९७२ साली स्त्रियांना मिळालेल्या रीतसर प्रवेशाच्या सहा वर्षे आधीचा होय. नियमावलीपेक्षा प्रेक्षक पुढे असावेत, हे मला या सुटीचे खरे भूषण वाटते.

माझी भाची धावली त्या वर्षी आम्ही शर्यतीच्या वाटेवरील न्यूटनच्या चढांवर उभे होतो. तेथे घराघरांतली मुले संत्र्यांच्या फोडी तळहातावर धरून अनोळखी धावपटूंपुढे करतात, आणि एखादी फोड उचलली गेली की ओला हात मिरवीत आईकडे धावतात. यांपैकी शेवटच्या चढाला ‘हार्टब्रेक हिल’ म्हणतात. १९३६ साली जॉनी केलीने येथे टारझन ब्राऊनला गाठून त्याच्या खांद्यावर सहानुभूतीची थाप मारली. ती ब्राऊनला इतकी झोंबली की तो उसळून पुढे गेला आणि शर्यत जिंकला. भाचीने मात्र आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचे सारे लक्ष श्वासाकडे होते.

१५ एप्रिल २०१३ रोजी अंतिम रेषेजवळ बाँब फुटले. मृत्यू पावलेले तिघेही प्रेक्षकांतले होते. पुढच्या वर्षी कडेची गर्दी घटली नाही, वाढली.

आप्तांपैकी कोणी या शर्यतीत उतरणार असेल, तर वाचकांनी बॉयल्स्टन रस्त्यावरील अंतिम रेषेचा मोह टाळावा, आगगाडीने वुडलंड स्थानकावर उतरावे आणि न्यूटनच्या अग्निशामक ठाण्यापाशी, चढ सुरू होतात तेथे, उभे राहावे. आपल्या माणसाला हाकेची खरी गरज तिथूनच पुढे लागते.