परतीच्या वाटेवरचा गोंगाट

विजेचा प्रवाह ज्या उगमातून निघतो तेथे परत पोहोचल्याखेरीज वाहू शकत नाही, आणि म्हणून प्रत्येक विद्युत् मंडलाला जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन वाटा लागतात. यांपैकी परतीच्या वाटेसाठी वेगळी तार ओढण्याचे कारण नाही, ते काम जमीनच करू शकते, असे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ऑगुस्ट फॉन श्टाइनहाइल यांना १८३८ साली तारायंत्राचे प्रयोग करताना आढळले. तारेचा खर्च निम्म्याने वाचविणारा हा शोध तारायंत्राने तर उचललाच, पण पुढे आरंभीच्या दूरध्वनीनेही उचलला. विजेच्या ट्रामने परतीसाठी रूळ वापरले, आणि मोटारगाडीने स्वतःचा पत्र्याचा सांगाडा वापरला. या काटकसरीत एक अडचण दडलेली होती. परतीची वाट सर्वांची असल्याने एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या मंडलात शिरतो, आणि जे यंत्र जितके नाजूक तितका त्याला हा उपद्रव अधिक जाणवतो. विद्युत् अभियांत्रिकीत अशा नको असलेल्या संकेताला, तो कानांना ऐकू येवो अथवा केवळ कागदावरच्या रेषेत दिसो, गोंगाट असेच म्हणतात. रायगडच्या किनाऱ्याला या गोंगाटाचा इतिहास दोन टोकांनी भिडतो: एका टोकाला अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे, तर दुसऱ्या टोकाला त्याच किनाऱ्यावरच्या गाड्यांत मागाहून बसविलेले ध्वनिसंच आहेत.

अलिबागच्या वेधशाळेचे मूळ मुंबईतील कुलाब्याला आहे. (अलिबाग ज्याचे मुख्य ठाणे होते त्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते, त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना मुंबईचा कुलाबा कोणता आणि जिल्हा कोणता हे दर वेळी तपासावे लागते.) ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईच्या दक्षिण टोकावर खगोलीय वेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी जी वेधशाळा बांधली, तेथे १८४१ पासून एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. ऑर्लेबार यांच्या हाताखाली वेध घेणाऱ्यांत एक पोरसवदा मराठी गणिती होता. केरो लक्ष्मण छत्रे असे त्याचे नाव. पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला तेच हे केरूनाना, आणि त्यांचा जन्म अलिबागशेजारच्या नागावचा. ज्या कामाला पुढे त्यांच्या जन्मगावाच्या परिसरात यावे लागले, त्याच कामावर त्यांची उमेदवारी खाडीपलीकडे झाली होती, हा योगायोगच.

हे काम किती नाजूक होते हे आकड्यांवरून ध्यानात येते. मुंबई-अलिबाग परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अत्यंत लहान एकक. सूर्याच्या उगवण्या-मावळण्याबरोबर या घटकात रोज जी हालचाल होते ती शांत दिवशी काही दहा नॅनोटेस्लांचीच असते, म्हणजे एकूण क्षेत्राच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. वेधशाळेला मोजायचा असतो तो हाच हिस्सा. मोठे सौर वादळ आले म्हणजे मात्र सुई बरीच ढळते. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या निरीक्षकांनी क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी आदल्या दिवशी इंग्लंडमधून सूर्यावरचा जो स्फोट पाहिला होता, त्याचाच हा परिणाम. त्या वादळात युरोप-अमेरिकेतील तारायंत्राच्या तारांमध्ये जमिनीतून इतका प्रवाह शिरला की काही ठिकाणी बॅटरी सोडवून ठेवूनही संदेश जात राहिले. कुलाब्याचे हे वेध २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने अभ्यासले, तेव्हा ते त्या वादळाचे जगातील अत्यंत मोलाचे साक्षीपत्र ठरले. अशी साक्ष उपयोगी पडते ती दोन अटींवर: नोंद अखंड हवी आणि तीत माणसाने निर्माण केलेला गोंगाट नको.

दुसरी अट विसाव्या शतकाच्या तोंडावर धोक्यात आली. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली होती आणि तिचा एक मार्ग कुलाब्याहूनच पायधुणीकडे जात असे. घोड्याच्या ट्रामचा चुंबकसूचीला उपद्रव नव्हता. तीच ट्राम विजेवर चालविण्याचा विचार सुरू झाला तेव्हा प्रश्न निराळा झाला, कारण विजेच्या ट्रामला एकदिश प्रवाह डोक्यावरच्या तारेतून मिळतो आणि तो रुळांतून वीजकेंद्राकडे परततो. वरच्या तारेतला प्रवाह आणि रुळांतला प्रवाह नेमके सारखे व उलट दिशेचे राहिले असते, तर दूर अंतरावर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ खोडून काढती. पण रूळ जमिनीवरच पसरलेले. ओल्या मातीतून, पाण्याच्या नळांतून, जेथे रोध कमी तेथून प्रवाहाचा काही भाग बाहेर निसटतो आणि मैलभर भटकून वीजकेंद्राशी पोहोचतो. या भटक्या प्रवाहाला खोडणारा जोडीदार उरत नाही. शंभर अँपिअरचा असा एकाकी प्रवाह एका लांब सरळ रेषेत वाहतो असे धरले, तर एक किलोमीटर अंतरावर तो सुमारे २० नॅनोटेस्लांचे क्षेत्र निर्माण करतो, आणि ते प्रत्येक ट्रामच्या सुटण्या-थांबण्याबरोबर बदलत राहते. सूर्याची रोजची हालचाल जेवढी, जवळजवळ तेवढाच ट्रामचा गोंगाट. चालकाने दांडा फिरवला की वेधशाळेतल्या रेषेला कंप सुटणार, हे उघड होते.

हे संकट एकट्या मुंबईवर आलेले नव्हते. टोरोंटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामपायी १८९८ मध्ये अॅजिनकोर्टला हलविण्यात आली होती. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय काम त्याच कारणाने स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे गेले, आणि ती वेधशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. ब्रिटनच्या व्यापार मंडळाने रुळांच्या परतीच्या वाटेवर कोणत्याही दोन बिंदूंमधील दाबाचा फरक ७ व्होल्टपेक्षा अधिक असू नये असा नियम घातला, तो मुख्यतः जमिनीतले नळ झिजू नयेत म्हणून. नळांना त्याने दिलासा मिळाला, पण चुंबकसूचीला एवढ्याने भागत नाही.

कुलाब्याचे संचालक त्या वेळी नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस होते. १८९६ साली या पदावर आलेले ते पहिले भारतीय. शिक्षणाने अभियंता असल्याने ट्राम कंपनीला परतीची वाट स्वच्छ ठेवायला भाग पाडता येईल, अशा भ्रमात ते राहिले नसावेत. वाढत्या शहराला ट्राम हवी होती आणि ती येणारच होती. त्यांनी अंतराचा मार्ग धरला. मुंबईच्या दक्षिणेला, सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे असलेले अलिबाग निवडण्यात आले. वरच्याच हिशेबाने शंभर अँपिअरचा भटका प्रवाह इतक्या अंतरावर एका नॅनोटेस्लाच्या आत येतो, आणि मध्ये सागराचा पट्टा असल्याने ट्रामचे रूळ पाठोपाठ येण्याची भीतीही नव्हती. त्याचबरोबर अक्षांश-रेखांशांत फार फरक पडत नसल्याने कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदींचा धागा तेथे जोडता येण्यासारखा होता. ही दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची होती. नुसते शांत ठिकाण दख्खनच्या पठारावरही पुष्कळ मिळाले असते.

१९०४ साली अलिबागच्या समुद्रकाठी उभी राहिलेली इमारत हीच मुळी गोंगाटाविरुद्धची तटबंदी आहे. या भागात बांधकामाला वापरला जाणारा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, लोहयुक्त आणि स्वतः चुंबकीय असल्याने येथे वर्ज्य ठरला. त्याऐवजी चुंबकीय परिणामासाठी पारखून घेतलेला पोरबंदरचा दगड आणून वापरला गेला, आणि बिजागऱ्या-खिळ्यांसाठी लोखंडाऐवजी तांबे-पितळ आले. चुंबकाची शक्ती उष्णतेबरोबर बदलते, म्हणून नोंदी घेणाऱ्या दालनाची रचना बाहेरच्या तापमानाचे चढउतार आत पोहोचू नयेत अशी केलेली आहे.

मूस यांच्या कर्तृत्वाचा खरा कस इमारतीत नसून तिच्या पुढच्या दोन वर्षांत लागला. ट्राम यायच्या आधीच अलिबाग सुरू झाल्याने १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले, आणि दोन जागांमधला कायमचा फरक किती हे त्यातून ठरले. हा फरक माहीत नसता, तर १९०६ नंतरच्या नोंदीत दिसणारा बदल पृथ्वीचा, जागेचा की उपकरणाचा, हे कोणालाही सांगता आले नसते आणि १८४६ पासूनची अखंड मालिका तेथेच तुटली असती. गोंगाट शोधण्याचे शास्त्र याच रीतीवर उभे आहे: बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलते ते पाहायचे. कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०६ मध्ये थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. आणि १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या वेधांचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध झाले.

मोटारीत गोंगाटाचा हाच प्रश्न लहान आकारात उभा राहिला. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटोरोला नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला, तेव्हा मुख्य शत्रू होता इंजिनातील ठिणगी. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटासा रेडिओ प्रक्षेपक, त्यामुळे संगीतावर अखंड तडतड पसरे, आणि तीवर उपाय म्हणून ठिणगीच्या वायरीत रोधक बसवावे लागत. साठच्या दशकापासून मोटारीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करून तो डायोडांनी एकदिश करणारे जनित्र, येऊ लागला आणि गोंगाटाचा सूर बदलला: एकदिश केलेल्या प्रवाहात जी बारीक लहर उरते तिची शिट्टी होते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. भारतात बराच काळ बहुतेक गाड्या ध्वनिसंचाशिवायच विकल्या जात, संच मागाहून बसे. १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर आणि कॅसेटचा सुळसुळाट झाल्यावर हा उद्योग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पेण, अलिबाग, रोह्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत उतरला. किनाऱ्यावरच्या मिनिडोर रिक्षाही गाण्याशिवाय क्वचितच धावतात.

गाडीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते आणि दिवे, पंखे, इंजिन या सर्वांचा प्रवाह पत्र्यातून परततो. ट्रामचे रूळ मुंबईत जे करीत तेच काम येथे पत्रा करतो. पुढे डॅशबोर्डमधल्या संचाला एका ठिकाणी आणि मागे डिकीतल्या अॅम्प्लिफायरला दुसऱ्या ठिकाणी अर्थ (म्हणजे पत्र्याशी जोड) दिला, तर त्या दोन बिंदूंमध्ये दाबाचा थोडा फरक राहतो आणि तो या दोघांमध्ये संगीताचा संकेत नेणाऱ्या आरसीए वायरीच्या जाळीतून संगीतात शिरतो. याला अर्थचे वेटोळे म्हणता येईल. खाऱ्या हवेच्या गावात हा फरक झपाट्याने वाढतो, कारण स्क्रूखालचा पत्रा गंजतो आणि तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढतो. गंजलेल्या जोडाचा रोध ओमच्या विसाव्या भागाइतका झाला आणि त्यातून अल्टरनेटरची एक अँपिअरची लहर गेली, तर ५० मिलिव्होल्ट दाब उत्पन्न होतो. दोन व्होल्टांच्या संगीतासमोर हा आकडा नगण्य दिसला, तरी शांत जागी तो स्पष्ट ऐकू येतो.

जाणता कारागीर प्रथम आरसीए वायर काढून पाहतो. वायर निघताच शिट्टी थांबली, तर दोष अॅम्प्लिफायरच्या अलीकडे आहे. न थांबल्यास त्याच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यात वा अर्थमध्ये आहे. मग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जाड, आखूड अर्थवायर घट्ट बसवली जाते, शक्य असेल तर सर्व उपकरणांचे अर्थ एकाच बिंदूवर आणले जातात, बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने आणि संगीताची दुसऱ्या बाजूने नेली जाते. बाजारात अर्थचे वेटोळे तोडणारी छोटी रोहित्रे मिळतात आणि घाईच्या कामात तीच लावली जातात. त्यांतील स्वस्त नमुने शिट्टीबरोबर ढोलाचा खालचा स्वरही गिळतात, म्हणून ती शेवटचा उपाय मानणेच योग्य.

अलिबागची वेधशाळा १९७१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे गेली, आणि या संस्थेचे मुख्यालय आता रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. ज्या ट्रामने वेधशाळेला मुंबई सोडायला लावली ती १९६४ मध्ये बंद पडली, तरी वेध परत गेले नाहीत. तोवर उपनगरी रेल्वे १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावत होती. आज अलिबागच्या वेधांना जो नवा गोंगाट संभवतो तो विजेच्या परतीच्या वाटेचा नाही. पोलादी मोटार इंजिन बंद ठेवून उभी असली तरी काही मीटरवरच्या चुंबकमापकाला तिचे अस्तित्व जाणवते, संच वाजत असो वा नसो, आणि या बाबतीत अर्थवायर कितीही घट्ट बसवली तरी काही फरक पडत नाही. गाडी दूर उभी करावी लागते.