पडद्यावरचा उजेड

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला "कसा होता हो?" म्हणून विचारा. तो गोष्ट सांगेल, एखादे गाणे गुणगुणेल, अमक्याने काम झकास केले म्हणेल, आणि फार झाले तर "फोटोग्राफी मात्र उत्तम" एवढे प्रमाणपत्र देऊन मोकळा होईल. आता उत्तम म्हणजे नेमके काय, असे जरा खोदून विचारले की काश्मीरचे बर्फ, कोकणातला समुद्र, धबधबा अशी नावे बाहेर पडतात. म्हणजे जागा उत्तम होती! कॅमेरामनने काय केले, हा प्रश्न राहिला तो राहिलाच.

गाणे कळायला कान तयार व्हावा लागतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही मान्य आहे. डोळ्याच्या बाबतीत मात्र आपण समजतो की तो जन्माला येतानाच तयार होऊन आला आहे. तसे नसते. छायालेखन वाचावे लागते, आणि त्या वाचनाची बाराखडी मला विचाराल तर एकाच प्रश्नात आहे : पडद्यावर हा जो उजेड दिसतो आहे, तो येतो कुठून? नभोवाणीच्या पुस्तिकेत सांगणे जरा विचित्र वाटेल, पण एखाद्या जुन्या चित्रपटाची दहा मिनिटे आवाज बंद करून पाहा. नाकाची सावली कोणत्या गालावर पडली आहे, ते बघा. दिवा कुठे टांगला होता ते कळेल. बुबुळात चमकणारे ठिपके मोजा. दिवे किती होते त्याचा अंदाज येईल. मेजावरचा कंदील पेटलेला आहे, आणि त्या कंदिलाचीच सावली मागच्या भिंतीवर पडली आहे, असे दिसले की समजावे, उजेड देणारा धनी कुणी दुसराच आहे, कंदील नुसता शोभेला आहे. एवढे कळू लागले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. उजेड तिथूनच का आणला?

हा प्रश्न हातात घेऊन आपल्याच चित्रपटांचा इतिहास चाळू या.

दादासाहेब फाळक्यांपाशी एकच दिवा होता, तो म्हणजे सूर्य. 1912 साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आल्यावर भांडवलवाल्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना टिपले. दिवसांची वाढ पडद्यावर एका मिनिटात उभी राहिली. साध्या डोळ्याला जे कधीच दिसत नाही ते हे यंत्र दाखवते, ही गोष्ट फाळक्यांना पहिल्या दिवसापासून कळलेली होती. पुढे दादरला बंगल्याच्या आवारात महाल उभा करून 'राजा हरिश्चंद्र' चित्रित झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांपुढे आला. राजवाड्याच्या आतल्या प्रसंगांनाही उघड्यावरचे ऊन लागे, कारण त्या फिल्मला दुसरा उजेड पुरतच नव्हता. ती फिल्म निळ्याला फार हळवी आणि तांबड्याला अगदी आंधळी होती. त्यामुळे आकाश पांढरेफटक दिसे, ढग नाहीसे होत आणि कपाळावरचे कुंकू काळेठिक्कर उमटे. आज आपण ते तुकडे पाहतो आणि हसतो. कॅमेरा तेव्हा हाताने फिरवीत. बोलपटाच्या वेगाने तीच फिल्म चालवली की राजा-राणी लगबगीने दुडदुडू लागतात. तो दोष फाळक्यांचा नव्हे, चुकीच्या वेगाने दाखवणाऱ्याचा आहे!

फाळक्यांचा 1919 सालचा 'कालिया मर्दन' मिळाला तर जरूर पाहा. त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. पण कृष्ण येण्याआधी फाळके आपल्याला नुसता तिचा चेहरा दाखवतात. राग, हसू, रुसवा, एकामागून एक. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात समोर येते. "आता तुम्ही एक चेहरा वाचणार आहात, डोळे तयार ठेवा," असे प्रेक्षकांना बजावल्यासारखेच ते आहे. डोळ्याच्या शिक्षणाचा हा आपल्याकडचा पहिला धडा म्हणायला माझी तरी हरकत नाही.

दुसरा धडा कोल्हापूरचा, आणि तो जास्त खोल आहे. बाबूराव मेस्त्री हे नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून 'पेंटर' झाले. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली गेले, पण बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच घडवला. तैलचित्र काढणाऱ्या माणसाला ठाऊक असते की चेहरा उजळायचा तर बाजूला काळोख हवा. फाळक्यांच्या पडद्यावर ऊन सगळीकडे सारखे पसरलेले असते, पेंटरांनी ते आवरायला सुरुवात केली. 1923 सालच्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. त्या काळी रात्र दाखवायची म्हणजे दिवसा चित्रण करून फिल्मच निळी रंगवायची, असा जगभरचा सोपा उपाय होता. पेंटरांना तो पुरला नाही.

आणि मग 1925 सालचा 'सावकारी पाश'. नारायण हरी आपट्यांची कथा, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याची ही कहाणी, देवादिकांचा मागमूस नाही. पुढे स्वतः नामांकित चित्रपटकार झालेले जे. बी. एच. वाडिया यांनी या चित्रपटाची आठवण लिहून ठेवली आहे. त्यांच्या मनात काय राहिले असेल? मंद उजेडातली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे. आता गंमत पाहा, हा मूकपट! कुत्र्याचा आवाज कोठून येणार? तो त्या काळोखातून आला. एका माणसाने झोपडीवरचा उजेड इतका बेताने कमी केला की पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे कुत्रे ऐकू येत राहिले. छायालेखनाची ताकद कशात असते, असे मला कुणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन. मात्र दाखवू शकणार नाही, कारण 'सावकारी पाश'चा तो मूकपट आज उपलब्ध नाही. 1936 साली त्याच कथेचा बोलपट निघाला, ती गोष्ट निराळी.

पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ज्यांनी दिवे उचलले, पडदे रंगवले, कॅमेरे फिरवले, तीच मंडळी 1 जून 1929 रोजी 'प्रभात'ची झाली : दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, आणि भांडवलाला सीतारामपंत कुलकर्णी. 1933 साली कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. त्याच वर्षी 'सैरंध्री' रंगीत करण्याच्या खटाटोपात शांताराम जर्मनीस गेले होते. रंग काही साधला नाही. परंतु सावलीला बोलके करण्याची जर्मन मंडळींची हातोटी ते पाहून आले, असे 'अमृतमंथन'वरून तरी वाटते.

1934 सालचा हा चित्रपट पाहताना सुरुवातीचे चंडिकेचे मंदिर नीट न्याहाळा. राजाने बळी बंद केले आहेत आणि राजगुरू अंधारात कारस्थान रचतो आहे. माणसे पुरती दिसत नाहीत, कडा तेवढ्या दिसतात. मग राजगुरूचा एकच डोळा सबंध पडदा व्यापतो. मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. त्यासाठी केशवराव धायबरांनी टेलिफोटो भिंग वापरले, हे पुष्कळांना माहीत असते आणि ते अभिमानाने सांगतात. पण भिंगाचे नाव कळले म्हणून तो डोळा कळला असे होत नाही. भोवती सगळे विझवून टाकल्यावर उरलेला तो उजेड आहे. धर्माच्या नावाने माणसांना बांधून ठेवणारी जी सत्ता, तिला हातपाय लागतच नाहीत, एक नजर पुरते, हे शब्दांविना सांगून झाले आहे. पुढचे संवाद ऐकले नाहीत तरी चालेल, इतके ते पुरेसे आहे.

आता याच कंपनीचा 1936 सालचा 'संत तुकाराम' घ्या. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, कॅमेऱ्यावर व्ही. अवधूत. 'अमृतमंथन'च्या चष्म्यातून पाहिलेत तर निराश व्हाल. ना गूढ सावल्या, ना पडदाभर डोळा. देहूचे साधे ऊन, साधे अंगण, जिजाई आणि तिची म्हैस. अभ्यासू मंडळीही या छायालेखनाविषयी फारसे बोलत नाहीत. मला वाटते, इथेच आपली चूक होते. कीर्तनात बसलेला एकेक श्रोता शिवाजी दिसू लागतो, शेवटी गरुडाचे विमान येते, हे चमत्कार पाहताना उजेडाकडे लक्ष द्या. चमत्कारासाठी वेगळा, झगझगीत, 'स्वर्गीय' असा उजेड बहुधा आणलेलाच नाही. ज्या उजेडात जिजाई घरकाम करते, जवळजवळ त्याच उजेडात वैकुंठ उतरते. म्हणून तर ते खरे वाटते! विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्याला कुणी प्रभावळ चिकटवली असती तर सारा डाव फसला असता. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या परीक्षकांना तुकोबा कोण हे कुठे ठाऊक असणार? डोळ्यांना मात्र जे कळायचे ते कळले असावे.

मुंबईत त्याच सुमारास बॉम्बे टॉकीजमध्ये योसेफ विर्शिंग नावाचा जर्मन छायालेखक होता. 'अछूत कन्या' त्याचा, आणि पुढे 1949 सालचा 'महल'ही त्याचाच. नायिकेचा चेहरा मऊ, दुधाळ उजेडात न्हाऊ घालण्याची आपली पद्धत पुष्कळशी तिथली. तिचे गुण आहेत, पण तिचा अतिरेकही आपण कमी केलेला नाही.

या पद्धतीला धक्का बसला तो बंगालात. 'पथेर पांचाली'चे चित्रण 1952 साली सुरू झाले तेव्हा सुब्रत मित्र अवघे बावीस वर्षांचे होते आणि चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेला नव्हता. पुढच्या, 1956 सालच्या 'अपराजितो'मध्ये काशीचे एक घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचे ठरले. मधला चौक, चहूबाजूंनी उंच भिंती. ज्यांनी पुण्या-नाशिकचे वाडे पाहिले आहेत त्यांना चौकातला तो उजेड सांगायला नको. वरून येतो, पण ऊन म्हणून येत नाही. सावली धड पडत नाही, सगळे नुसते निवळलेले असते. स्टुडिओचे दिवे तर ठळक सावली पाडणारे! मित्र म्हणाले, हे जमायचे नाही. मग त्यांनी स्वतःच चौकावर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून येणारा उजेड खाली घेतला. साधे कापड! पण त्यामुळे पडद्यावर पहिल्यांदा घरात घरचा उजेड आला.

तीन वर्षांनी मुंबईत नेमकी उलटी गोष्ट घडली. 'कागज के फूल' हा 1959 सालचा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रिकाम्या स्टुडिओत नायक-नायिका उभी, आणि छतातून खाली आलेला उन्हाचा एक दांडगा झोत. व्ही. के. मूर्तींनी त्यासाठी बाहेर उन्हात मोठा आरसा ठेवला, तिथले ऊन आत उंचावर बसवलेल्या दुसऱ्या आरशावर घेतले आणि तिथून खाली सोडले. दिवा नाही, फाळक्यांचाच सूर्य, पण आता दावणीला बांधलेला. हा झोत फार प्रसिद्ध आहे. तो देखणा आहे यात वाद नाही, मात्र त्याची इतकी छायाचित्रे छापून आली आहेत की चित्रपट न पाहिलेला माणूसही त्याची तारीफ करतो. पाहाल तेव्हा झोताकडे पाहू नका, झोताबाहेर किती काळोख ठेवला आहे तो पाहा. त्या दोन माणसांमधले अंतर त्या काळोखाने मोजले आहे, आणि त्यासाठी सिनेमास्कोपची ती लांबरुंद चौकट लागत होती. पुढे दूरदर्शनच्या चौकोनी पडद्यात बसवताना अशा चित्रांच्या दोन्ही बाजू छाटल्या जात. अंतर गेले, म्हणजे अर्थही गेला.

डोळ्याचे हे शिक्षण रीतसर द्यावे, हा विचार आपल्याकडे रुजला तो पुण्यातच. 'प्रभात'ची जागा सरकारने घेतली आणि 1960 साली तिथे चित्रपटाची शिक्षणसंस्था सुरू झाली. 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. प्राध्यापक सतीश बहादूर त्या आवारात 'पथेर पांचाली' थांबवून थांबवून, एकेक चित्र उलगडून शिकवीत. संग्रहालयाचे पी. के. नायर गावोगावचे डबे धुंडाळीत. 'कालिया मर्दन' आज पाहायला मिळतो तो अशा माणसांमुळे.

पण डोळ्याला शिकायला पुस्तक तरी शाबूत हवे ना! आपले मूकपट बहुतेक नष्ट झाले. जुनी फिल्म नायट्रेटची, ती स्वतःहून कुजते आणि ठिणगी लागली की भडकते. काही फिल्मा तर चांदीसाठी वितळवल्या गेल्या. 2003 सालच्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मांच्या साठ्याला आग लागली, त्यात 'प्रभात'च्याही मूळ निगेटिव्ह गेल्या. आता 'अमृतमंथन' आपण पाहतो तो प्रतीची प्रत, तिचीही प्रत. प्रत्येक वेळी काळोख थोडा विटतो, काळ्याचा करडा होतो, कडा पुसतात.

म्हणून पुढच्या वेळी तो चित्रपट लावाल, तेव्हा खोलीतले दिवे मालवा आणि हातातल्या फोनऐवजी जरा मोठा पडदा घ्या. चंडिकेच्या मंदिरात कोपरे करडे, धुरकट दिसले तर ते धायबरांच्या नावावर लगेच मांडू नका. राजगुरूचा डोळा येईपर्यंत थांबा. बुबुळाभोवतीचे काळे तेवढे अजून बऱ्यापैकी काळे आहे. मंदिरही मुळात तितकेच काळे असले पाहिजे, असा हिशेब त्यावरून मनाशी करता येतो.