मागच्या सीटचं हेल्मेट

१९३५ साली इंग्लंडमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले अधिकारी मोटरसायकलवरून पडले. डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टर ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास केला आणि हेल्मेटने जीव वाचतो हे १९४१ साली मांडलं.

आपल्या देशात १९८८च्या मोटार वाहन कायद्याने चालवणाऱ्याबरोबर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितलं. तरी नवी मुंबईत सायन-पनवेल महामार्गावर काय दिसतं? पुढे हेल्मेट, मागे नुसता पदर.

दुसरं हेल्मेट घ्याच. आयएसआय खूण बघा. पट्टा लावून डोकं हलवा, हेल्मेट फिरता कामा नये. रात्री काच पारदर्शक हवी, चरे पडले की बदला. पडताना रस्ता पुढचं-मागचं बघत नाही.