निष्क्रमण
नवजात बाळाला प्रथमच घराबाहेर नेण्याचा संस्कार. मनुस्मृतीने त्यासाठी चौथा महिना सांगितला आहे. त्या वेळी बाळाला सूर्यदर्शन घडवतात. महाराष्ट्रात मात्र पोथीपेक्षा सव्वा महिन्याची रीत अधिक पाळली जाते. तोवर बाळंतीण शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीव यांत घरातच असते. पुढे अनेक ठिकाणी ती विहिरीची किंवा पाणवठ्याची पूजा करते आणि मगच तिचा बाहेरचा वावर सुरू होतो.

बाळाला बाहेर काढताना कुंची बांधतात, गालावर काजळाची तीट लावतात. परतल्यावर उंबऱ्याबाहेरच भाकरतुकडा ओवाळून टाकतात. ज्या घरी ते पहिल्यांदा जाते तिथे टाळूला तेल लावून झबले देण्याची पद्धत आहे. एवढा थाट असला, तरी आज बहुतेक बाळे रुग्णालयात जन्मतात. म्हणजे त्यांचा पहिला प्रवास घराबाहेर नव्हे, घराकडे होतो. पुढची फेरी बहुधा सहाव्या आठवड्यातील लसीकरणाची. ती सव्वा महिन्याच्या आसपासच येत असल्याने रीत आणि वेळापत्रक यांत फारसे भांडण होत नाही. ताप, दूध न ओढणे, धाप लागणे अशा वेळी मात्र रीत बाजूला ठेवून बाळाला तत्काळ दवाखान्यात न्यावे लागते.

बाळ घराबाहेर निघत नसेल, तर उपचार घरी न्यावेत, हा विचार अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत प्रत्यक्षात आणला. तेथील नवजात-मृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या ४२ व्या दिवसापर्यंत गृहभेटी देतात.